जवानाच्या अंगावरचे कवच

(नांदेड आणि लातूर येथे लागोपाठ दोन दिवस दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. श्रोत्यांमध्ये माजी सैनिक, जवानांचे पालक आणि महाविद्यालयीन तरुण मोठ्या संख्येने उपस्थित होते.)



काल नांदेडला व्याख्यान संपल्यावर एक वयस्क शेतकरी व्यासपीठाजवळ आले. डोक्याला पागोटे, अंगात साधा सदरा. मुलगा नुकताच निमलष्करी दलात भरती झालेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, आमच्या लेकराला जे जाकीट देतेत, ते गोळी अडवतंय का हो?" मी काही उत्तर दिले, परंतु ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून आज लातूरला, आपल्यासमोर, त्या प्रश्नाचे शक्य तितके प्रामाणिक उत्तर देण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

हा प्रश्न मराठवाड्यात विचारला जावा हे स्वाभाविकच आहे. लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, नांदेड जिल्ह्यात मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे. पाण्याची शाश्वती नसलेल्या या प्रदेशातील असंख्य घरांनी एक मुलगा शेतीला आणि एक मुलगा वर्दीला अशी वाटणी केलेली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर उद्ध्वस्त झाला तेव्हा ढिगाऱ्यांखालून माणसे काढण्यासाठी लष्कराचे जवान येथे आले होते, हे आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. सैनिक आपल्या संकटात काय करतो हे लातूरकरांना ठाऊक आहे. सैनिकाच्या संकटात त्याच्या अंगावर काय असते, हे मात्र आपण क्वचितच विचारतो.

रामरक्षा आणि जाकीट

कवचाची कल्पना आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातील पंचाहत्तराव्या सूक्तात युद्धसाधनांची स्तुती आहे आणि तिचा आरंभ धनुष्याने होत नाही, चिलखताने होतो. महाभारतात कर्णाचे सारे दुर्दैव कवचकुंडलांच्या दानापाशी येऊन थांबते. आपल्या घरांत तिन्हीसांजेला म्हटली जाणारी रामरक्षा हे तर कवचच आहे. मस्तक, कपाळ, डोळे, कान, कंठ, खांदे, बाहू, हृदय, गुडघे, पाय असे एकेका अवयवाचे नाव घेऊन त्याचे रक्षण मागितले जाते. कोणताही अवयव वगळलेला नाही.

आधुनिक सैनिकाच्या गोळीरोधक जाकिटाची मर्यादा नेमकी येथेच सुरू होते. छाती, पोट आणि पाठ ही त्याची मुख्य कक्षा. काही रचनांत कुशी, मान आणि जांघ यांसाठी जोडभाग असतात. चेहरा, बगल, हात आणि पाय बहुधा उघडेच राहतात. सगळे झाकायचे तर वजन इतके वाढते की जवानाला पळता येत नाही, आणि पळू न शकणारा जवान हेच शत्रूचे सर्वांत सोपे लक्ष्य असते.

या मर्यादेची जाणीव महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री झाली. हेमंत करकरे डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात जाकीट चढवत आहेत, हे दृश्य साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. काही वेळाने कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तिघेही धारातीर्थी पडले. नंतर त्या जाकिटाविषयी प्रश्न उपस्थित झाले. ते कोणत्या दर्जाचे होते? ते गेले कोठे? खरेदीची कागदपत्रे कोठे आहेत? श्रीमती कविता करकरे यांना वीरपत्नी असूनही हे प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारावे लागले, आणि समाधानकारक उत्तर त्यांना सहजी मिळाले नाही. २०१४ मध्ये त्यांचेही निधन झाले.

जाकीट चांगले होते की वाईट, हा वाद येथे पुन्हा उकरून काढण्याचा माझा हेतू नाही. जाकीट उत्तम असते तरी मान आणि खांदा त्याच्या कक्षेबाहेरच राहिले असते, ही गोष्टही तितकीच खरी आहे. परंतु एका हुतात्म्याच्या पत्नीला पतीच्या कवचाचा हिशेब मागत फिरावे लागते, ही गोष्ट कोणत्याही स्वाभिमानी समाजाला भूषणावह नाही. त्याच रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांच्या हातात होती फक्त लाठी. अंगावर कवच नव्हते. त्यांनी अतिरेक्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि गोळ्या स्वतःच्या देहावर झेलल्या. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी या चौघांनाही अशोकचक्र प्रदान झाले. ओंबळेंच्या शौर्यापुढे आपण नतमस्तक व्हावेच, परंतु शौर्याच्या आरत्या ओवाळताना साधनांची उणीव झाकली जाणार नाही, याचीही काळजी घेतली पाहिजे.

गोळी अडते म्हणजे काय होते?

आता त्या पित्याच्या प्रश्नाच्या मुळाशी जाऊ. एके-४७ रायफलीची गोळी वजनाने जेमतेम आठ ग्रॅमची असते, पण नळीतून बाहेर पडताना तिचा वेग सेकंदाला सातशे मीटरहून अधिक असतो. तिच्यात सुमारे २,००० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. पिस्तुलाच्या गोळीत साधारण त्याच्या चौथा हिस्सा असते. पिस्तुलाची गोळी अडवायला विशिष्ट धाग्यांचे अनेक थर पुरतात. स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ महिलेने १९६५ मध्ये ज्या धाग्याचा शोध लावला, त्याला आपण केवलार म्हणून ओळखतो. जाळ्यात चेंडू अडकावा तशी गोळी त्या थरांत अडकते.

रायफलीच्या गोळीसाठी मात्र हे जाळे पुरत नाही. तेथे लागते चिनी मातीच्या भांड्यासारखी, पण त्याहून कितीतरी कठीण अशी सिरॅमिकची पाटी. बोरॉन कार्बाइड हा त्यासाठी वापरला जाणारा पदार्थ हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशा मोजक्या पदार्थांत गणला जातो. गोळी पाटीवर आदळते, तिचे टोक फुटते, पाटीचाही तेवढा भाग चुरा होतो आणि उरलेले तुकडे मागचे धाग्यांचे थर पकडतात. म्हणजे पाटी स्वतः फुटून जवानाला वाचवते. म्हणूनच तिला जपावे लागते. ट्रकमधून जाकीट दाणकन खाली फेकले, कोणी त्यावर बसले, तर वरून काहीही न दिसता आतली पाटी तडकलेली असू शकते. धाग्यांचे थरही ऊन, घाम आणि ओल यांनी काळाच्या ओघात दुबळे होतात. प्रत्येक जाकिटाला आयुष्य असते आणि ते संपल्यावर ते बदलावेच लागते.

गोळी आरपार गेली नाही, तरी जवान सुरक्षित आहे असे लगेच म्हणता येत नाही. जाकिटाची चाचणी घेताना त्याच्या मागे मऊ मातीचा ठोकळा ठेवतात आणि गोळी अडल्यावर त्या मातीत किती खोल खड्डा पडला हे मोजतात. अमेरिकेच्या प्रमाणकात ही मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. तो खड्डा म्हणजे जवानाच्या फासळ्यांना आणि आतल्या अवयवांना बसणारा मार. गोळी अडूनही माणूस गंभीर जखमी होऊ शकतो, तो यामुळे.

या अनुभवातून गेलेल्या एका अधिकाऱ्याने पुढे काय केले, ते तरुणांनी लक्षात ठेवावे. भारतीय सैन्यातील मेजर अनुप मिश्रा यांना जम्मू-काश्मीरमध्ये तैनात असताना जाकिटावर गोळी लागली. ती आरपार गेली नाही, पण तिचा आघात शरीराला सोसावा लागला. आपल्या पुण्यातील लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांनी 'सर्वत्र' या नावाचे पूर्णदेह कवच विकसित केले. डिसेंबर २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढे एके-४७ ची गोळी दहा मीटर अंतरावरून अडवू शकणाऱ्या शिरस्त्राणावरही त्यांनी काम केले. ज्याने मार सोसला त्यानेच उपाय शोधला.

शत्रूही शिकत असतो

कवच आणि शस्त्र यांची स्पर्धा कधीच संपत नाही. एके-४७ च्या नेहमीच्या गोळीचा गाभा मऊ पोलादाचा असतो. ३१ डिसेंबर २०१७ रोजी पुलवामा जिल्ह्यातील लेथपोरा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या केंद्रावर जैश-ए-महंमदने हल्ला केला. त्यात पाच जवान हुतात्मा झाले. त्या हल्ल्यात अतिरेक्यांनी कठीण पोलादी गाभ्याच्या गोळ्या वापरल्याचे तपासात दिसून आले. मऊ गाभ्याची गोळी अडवणारे संरक्षण कठीण गाभ्यापुढे टिकेलच असे नाही. मुदखेडला ज्या दलाचे जवान घडतात त्याच दलाची ही हकीकत आहे. म्हणजे काल पुरेसे असलेले कवच आज अपुरे ठरू शकते, आणि खरेदीला विलंब लागला तर सैनिकाच्या अंगावर चढते ते जुन्या युद्धाचे कवच.

अशा विलंबाचे उदाहरण आपल्यासमोर आहे. सैन्यासाठी १ लाख ८६ हजार जाकिटांच्या खरेदीला २००९ मध्ये तत्त्वतः मान्यता मिळाली. त्यानंतर निविदा, चाचण्या, निविदा रद्द होणे, पुन्हा निविदा असे चक्र फिरत राहिले. २०१६ मध्ये तातडीची सोय म्हणून ५० हजार जाकिटे घेण्यात आली. मूळ खरेदीचा सुमारे ६३९ कोटी रुपयांचा करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. नऊ वर्षे! त्या काळात चार सरकारी अधिवेशनांत भाषणे झाली असतील, हजारो टिपणे लिहिली गेली असतील, पण काश्मीरच्या जंगलात गस्त घालणाऱ्या जवानाला टिपण अंगावर घालता येत नाही.

येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. चाचणीत नापास झालेला नमुना नाकारणे हा विलंब नव्हे, ते कर्तव्य आहे. घाईघाईने घेतलेले निकृष्ट जाकीट जाकीट नसण्यापेक्षा अधिक घातक असते, कारण ते जवानाला खोटा विश्वास देते. आक्षेप चाचणीला नाही. एका चाचणीपासून दुसऱ्या चाचणीपर्यंत जी वर्षे फाइलींमध्ये नुसतीच पडून राहिली, त्या वर्षांना आहे.

समाधानाची बाब अशी, की त्यानंतर चित्र पुष्कळ बदलले. डिसेंबर २०१८ मध्ये भारतीय मानक ब्युरोने गोळीरोधक जाकिटांसाठी स्वतःचे प्रमाणक प्रसिद्ध केले. त्यात धोक्याच्या सहा पातळ्या ठरवलेल्या आहेत. तत्पूर्वी आपण परदेशी मोजपट्टीने आपल्या जवानाचे रक्षण मोजत होतो. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातील तंत्रज्ञानातून 'भाभा कवच' उभे राहिले आणि हैदराबादच्या मिधानी या सार्वजनिक उद्योगाने ते तयार केले. एप्रिल २०२४ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संस्थेच्या कानपूर येथील प्रयोगशाळेने सहाव्या, म्हणजे सर्वोच्च पातळीच्या धोक्यासाठी हलके जाकीट विकसित केल्याचे जाहीर झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या संस्थेने दिल्लीच्या आयआयटीच्या सहकार्याने 'अभेद' नावाची जाकिटे पुढे आणली. त्यांचे किमान वजन पातळीनुसार ८.२ आणि ९.५ किलो आहे.

वजनाचा हा आकडा क्षुल्लक समजू नका. लातूरच्या मे महिन्यात दहा किलोचे पोते पाठीपोटाशी बांधून, डोक्यावर लोखंडी पातेले ठेवून, हातात चार किलोची वस्तू धरून शिवारभर दिवसभर चालून पाहा. जवान हे रोज करतो, आणि शिवाय त्याच्यावर गोळ्या झाडल्या जात असतात. संशोधकाने कवचातून एक किलो कमी केला म्हणजे जवानाच्या आयुष्यात किती भर घातली, हे त्यावरून कळेल.

एक खंत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. कवच येथे शिवले गेले तरी त्याचा कच्चा माल कोठून येतो? जून २०२० मध्ये गलवानच्या खोऱ्यात आपले वीस जवान हुतात्मा झाले. त्याच महिन्यात नीती आयोगाचे सदस्य डॉ. व्ही. के. सारस्वत यांनी जाहीरपणे सांगितले, की संरक्षक जाकिटांसाठी चीनमधून कच्चा माल आणण्याचा फेरविचार झाला पाहिजे. ज्याच्याशी सीमेवर गाठ आहे त्याच्याच धाग्यावर आपल्या जवानाची छाती अवलंबून असावी, हे कोणत्या राजनीतीत बसते? स्वदेशीचा अर्थ शेवटच्या शिलाईपुरता मर्यादित ठेवून चालणार नाही. तो पहिल्या धाग्यापर्यंत नेला पाहिजे.

पगडी आणि शिरस्त्राण

आता डोक्याविषयी. पालकांपैकी बहुतेकांचा समज असतो की शिरस्त्राण रायफलीची गोळी अडवते. सर्वसाधारण लष्करी शिरस्त्राण प्रामुख्याने बॉम्बगोळ्यांच्या ठिकऱ्या आणि पिस्तुलाची गोळी अडवण्यासाठी असते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, फ्रेंच आणि ब्रिटिश सैन्यांनी पोलादी शिरस्त्राणे आणली ती खंदकांवर वरून पडणाऱ्या ठिकऱ्यांसाठीच. आपल्या सैन्याने काश्मीरमध्ये दीर्घकाळ 'पटका' वापरला. पटका हा शब्द मराठी माणसाला सांगायला नको. हा पटका म्हणजे कपाळ आणि डोक्याच्या मागील भागाभोवती बांधलेला गोळीरोधक पट्टा. त्याचे वजन अडीच किलोच्या आसपास, आणि माथा मात्र उघडाच राहतो. २०१७ च्या सुमारास कानपूरच्या एका उद्योगाकडून सुमारे १ लाख ५८ हजार आधुनिक शिरस्त्राणे घेण्याचा निर्णय झाला, तेव्हा कुठे ही उणीव भरून निघू लागली.

हा विषय नांदेडला काल अधिक आत्मीयतेने निघाला, आणि त्याचे कारण आपण जाणता. दशमेश श्री गुरू गोविंदसिंहजींनी १७०८ मध्ये गोदावरीच्या काठी, नांदेडला देह ठेवला. शिखांच्या पाच तख्तांपैकी एक, तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब, नांदेडला आहे. गुरूंची शस्त्रे तेथे श्रद्धेने जपली जातात. होळीच्या वेळी निघणाऱ्या हल्ल्यात उंच दुमाल्यावर पोलादी चक्रे मिरवणारे निहंग ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पगडी आणि पोलाद यांचे नाते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जानेवारी २०२३ मध्ये सैन्याने शीख जवानांसाठी खास बनावटीची १२,७३० शिरस्त्राणे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. केसांच्या अंबाड्यासाठी वरच्या बाजूस जागा ठेवलेले हे शिरस्त्राण होते. अकाल तख्ताने आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने त्याला विरोध केला. शीख सैनिकाची ओळख पगडी आहे आणि दोन्ही महायुद्धांत इंग्रजांनी पोलादी टोपीचा आग्रह धरला तेव्हाही शीख सैनिकांनी पगडी सोडली नव्हती, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूने विचारले गेले, की गोळीला धर्म कळत नाही, मग जवानाचे प्राण वाचवण्याचे कर्तव्य राष्ट्राने कसे पार पाडावे?

माझ्या मते या दोन्ही म्हणण्यांत सत्य आहे आणि यांपैकी एकालाही हसण्यावारी नेणे हा अविचार ठरेल. सैनिक प्राण देतो तो श्रद्धेसाठी. त्या श्रद्धेचे चिन्ह काढून घेतले तर तो लढेल कशाच्या बळावर? आणि दुसरीकडे, त्याच्या मातेला तो परत हवा आहे, हेही तितकेच खरे.

मार्ग काढायचा तर आपल्याच इतिहासाकडे पाहावे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीस निघताना छत्रपती शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत घातले होते आणि मंदिलाच्या आत लोखंडी जिरेटोप. बाहेरून पाहणाऱ्याला दिसला तो राजाचा वेष. आत होते ते योद्ध्याचे संरक्षण. मान आणि प्राण यांत महाराजांनी निवड केली नाही. दोन्ही राखण्याची युक्ती केली. खानाचा वार चिलखताने अडवला हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण ते चिलखत कोणाच्या डोळ्यांत न येईल असे बेतण्यामागची दृष्टी आपण ध्यानात घेत नाही.

तीच दृष्टी आज हवी आहे. पगडीच्या आत बसेल, केसांना धक्का लावणार नाही आणि तरीही ठिकरी अडवील असे काही बनू शकेल का, हा प्रश्न प्रथम अभियंत्यांना विचारावा. कॅनडात २०२१ मध्ये शीख दुचाकीस्वारांसाठी पगडीच्या घड्यांत घालावयाच्या संरक्षक अस्तराची कल्पना मांडली गेली. ते गोळी अडवणारे नाही, पण दिशा दाखवणारे निश्चित आहे. निविदा काढण्यापूर्वी शीख पलटणींतील जवान, निवृत्त अधिकारी आणि पाचही तख्तांतील जाणकार यांना एकत्र बसवले असते, तर वादाऐवजी कदाचित उत्तर मिळाले असते. ज्याच्या डोक्यावर वस्तू ठेवायची त्याला आधी विचारावे, हा साधा व्यवहार आहे.

नांदेड-लातूरचे काम

तरुण मित्रांनो, येथवर मी दिल्ली, कानपूर आणि पुण्याची नावे घेतली. आपल्या भागाने काय करावे?

लातूर पॅटर्न देशभर ठाऊक आहे. दरवर्षी येथील आणि नांदेडची मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकीच्या परीक्षांत झळकतात. त्यांपैकी कितीजण पदार्थविज्ञान किंवा धातुशास्त्राकडे वळतात? कितीजण संरक्षण संशोधनाचे स्वप्न पाहतात? नांदेडला १९८१ मध्ये स्थापन झालेल्या अभियांत्रिकी संस्थेला श्री गुरू गोविंदसिंहजींचे नाव आहे आणि तेथे वस्त्र तंत्रज्ञानाचा विभागही आहे. नांदेडला एकेकाळी उस्मानशाही मिल होती. आजूबाजूचा सारा प्रदेश कापसाचा. धागा या मातीला परका नाही. गुरूंच्या नावाने चालणाऱ्या संस्थेतील एखाद्या विद्यार्थ्याने पगडीत बसणारे संरक्षक वस्त्र हा आपला प्रकल्प म्हणून घेतला, तर त्याहून उचित गुरुदक्षिणा कोणती? एका विद्यार्थ्याच्या प्रकल्पातून शिरस्त्राण तयार होत नाही, हे मला कळते. पण दिल्लीच्या आयआयटीतील 'अभेद'चे कामही कोठेतरी प्रयोगशाळेतील टेबलावरच सुरू झाले असणार.

माजी सैनिकांना माझी विनंती आहे, की प्रशिक्षणाला निघालेल्या मुलाला कवच वापरण्याची शिस्त सांगा. उकडते म्हणून पाटी काढून ठेवणे, वजन नको म्हणून शिरस्त्राण वाहनात सोडणे, हे प्रकार घडतात हे आपण जाणता. अनुभवी माणसाचे बोलणे मुलगा ऐकतो. आणि जखमी होऊन परतलेल्यांनी आपले अनुभव वरपर्यंत लिहून कळवावेत. कवच कोठे अपुरे पडले हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते.

उरलो आपण नागरिक. लोकप्रतिनिधी आपल्याकडे मते मागायला येतात तेव्हा आपण रस्ता, पाणी, पीकविमा यांविषयी विचारतो. विचारलेच पाहिजे. त्यासोबत हेही विचारावे, की आपल्या जिल्ह्यातील पोलिसांकडे आणि आपल्या राज्याच्या राखीव दलाकडे असलेली जाकिटे कोणत्या पातळीची आहेत? त्यांचे आयुष्य कधी संपते? शेवटची तपासणी कधी झाली? यात कोणतेही लष्करी गुपित फोडण्याचा आग्रह नाही. कोठे, किती, कोणत्या तुकडीकडे, हे सांगू नका. पण मुदत संपलेले जाकीट एकाही जवानाच्या अंगावर नाही, एवढी ग्वाही तरी द्या.

आणखी एक भान ठेवले पाहिजे. कवच सर्वसमर्थ नाही. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्रदिनीच, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ माओवाद्यांनी भूसुरुंग उडवला. पोलिसांचे पंधरा जवान आणि वाहनचालक हुतात्मा झाले. वाहनाखाली होणाऱ्या अशा स्फोटापुढे कोणतेही जाकीट पुरे पडत नाही. तेथे हवे सुरुंगरोधक वाहन, रस्त्याची आधी तपासणी आणि अचूक माहिती. जवानाचे कवच त्याच्या छातीपाशी संपत नाही, ते त्याच्या अधिकाऱ्याच्या निर्णयापर्यंत आणि आपल्या दक्षतेपर्यंत पोहोचलेले असते. गावात वावरणाऱ्या संशयास्पद माणसाची खबर वेळेवर देणारा नागरिक हाही त्या कवचाचा एक थरच आहे.

आता त्या शेतकरी बांधवांना द्यावयाचे उत्तर. काल मी त्यांना म्हणालो होतो, "अडवतं, काका, काळजी करू नका." आज मी त्यांना असे सांगेन: "काका, चांगल्या दर्जाचे, मुदतीतले आणि नीट घातलेले जाकीट छातीवरची गोळी बहुतेक वेळा अडवते. मानेवरची अडवेल असे नाही. पायावरची नक्कीच नाही. पूर्वीपेक्षा आजचे जाकीट हलके आहे, अधिक भक्कम आहे आणि आपल्या देशात बनते. पण तुमच्या लेकराला नेमके कोणते मिळाले आहे, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आणि तुमच्यासोबत ते विचारायला आम्ही सारे उभे राहू."

हे ऐकून त्यांची चिंता मिटणार नाही. कोणत्याही बापाची ती मिटत नसते. परंतु जो आपला मुलगा देशाला देतो, त्याला खोटा धीर देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. त्याला सत्य सांगावे, आणि ते सत्य दरवर्षी थोडे अधिक चांगले होत जाईल यासाठी आपण राबावे. सैनिकाचे आपल्यावर ऋण आहे असे आपण म्हणतो. त्या ऋणाचा निदान एक हप्ता आपल्याला वजनाने मोजता येतो, किलोत आणि ग्रॅममध्ये. तो वेळेवर फेडला गेला पाहिजे.



जय हिंद!